आमची वाटचाल: फेराइटपासून तरंगत्या घासणीपर्यंत

फिशटँकच्या काचेवरचं शेवाळ हात न भिजवता निघावं, एवढ्यासाठी आम्ही चुंबकी घासणी बनवायला घेतली. एक चुंबक काचेच्या आत, एक बाहेर, दोन्हींना पॅड. ज्यांना ती घरी करायची आहे त्यांच्यासाठी आमची मापं इथे देतो.

सुरुवातीच्या जोड्या फेराइटच्या होत्या, म्हणजे स्पीकरमध्ये असतात त्या काळ्या चुंबकांच्या. फेराइट गंजत नाही, पण त्याची चुंबकी ऊर्जा नियोडिमियमच्या, म्हणजे फार जोरदार अशा चकचकीत चुंबकांच्या, साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. ६ मिमी काच, त्यात दोन्ही बाजूंची पॅड आणि आवरण धरलं तर दोन चुंबकांमध्ये १२ मिमीच्या आसपास अंतर पडतं. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने घटते. त्यामुळे जरा जोरात सरकवलं की आतला तुकडा सुटून तळाशी जायचा.

मग नियोडिमियम आलं आणि त्याबरोबर गंज. या चुंबकावर निकेल-तांबं-निकेल असा पातळ थर असतो. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी पाणी आत शिरतं, चुंबक फुगतो, त्याचा भुगा होतो. थरातलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि गोगलगायींना ते घातक. म्हणून उघडा चुंबक टाकीत कधीच सोडायचा नाही, गोड्या पाण्यातही नाही.

त्यावर उपाय म्हणून चुंबक डबीत ठेवून वर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद, ओतलं. इथे डबीचं प्लास्टिक महत्त्वाचं. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्या, म्हणजे स्वयंपाकघरात असतात तशा, चालत नाहीत. इपॉक्सी त्यांना धरत नाही. कडेने केसाएवढी फट राहते आणि पाणी तिथूनच जातं. ॲक्रिलिक, पीव्हीसी किंवा एबीएस घ्या. आतली बाजू १२० नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करा, धूळ पुसा, मग ओता. ओतायचंही एका दमात नाही. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, थर जाड असेल तर जास्तच, आणि साधा एन-३५ प्रतीचा नियोडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसपुढे ताकद गमावू लागतो. ३-४ मिमीचा थर, तो निवल्यावर पुढचा. शेवटच्या थरानंतर निदान २४ तास हात लावू नका.

चुंबक एकच गोल असला की आतला तुकडा बाहेरच्याबरोबर वळत नाही, स्वतःभोवती फिरत राहतो. म्हणून प्रत्येक तुकड्यात २० मिमी व्यासाचे, ५ मिमी जाडीचे दोन चुंबक शेजारी ठेवतो: एकाचा उत्तर ध्रुव काचेकडे, दुसऱ्याचा दक्षिण. ओतण्यापूर्वी प्रत्येक चुंबकावर मार्करने खूण करा आणि दोन्ही तुकडे समोरासमोर धरून ओढ तपासा. एक जरी उलटा बसला तरी जोडी वाया जाते. बाहेरच्या तुकड्यात चुंबकांच्या पाठीमागे ५०×२०×२ मिमीची लोखंडी पट्टी बसवतो. पाठीकडे वाया जाणारं चुंबकी क्षेत्र ती वळवून घेते, पकड वाढते. आतल्या तुकड्यात पट्टी घालत नाही, कारण १५-१६ ग्रॅम वजन उगाच वाढतं.

वजनाचा हिशेब आमच्या मते या कामातला सर्वांत उपयोगी भाग. आतला तुकडा सुटल्यावर वर यावा, वाळूत पडू नये. २ मिमी ॲक्रिलिकची ६०×३०×२५ मिमीची बंद पेटी ४५ मिली पाणी सारते. पण दोन चुंबक २४ ग्रॅम, पेटी सुमारे १८, इपॉक्सी ६, म्हणजे ४८. बुडणारच. उंची ३५ मिमी केली की ६३ मिली पाणी सरतं आणि वजन ५३ च्या आसपास राहतं. पॅडचं वजन धरूनही ती तरंगते. चुंबक तळाला असल्याने पॅडची बाजू खालीच राहते. रिकाम्या जागेत बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरा, म्हणजे पुढेमागे गळती झाली तरी पेटी बुडत नाही. झाकण लावल्यावर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दोन आठवडे ठेवा. सांध्यापाशी तपकिरी डाग दिसला तर तो तुकडा टाकीत जायचा नाही.

ही मापं ५-६ मिमी काचेची. ८-१० मिमीसाठी १० मिमी जाडीचे चुंबक लागतात आणि तरंगण्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पातळ काचेवर जास्त जोराचे चुंबक लावू नका. पॅड चेपून घट्ट बसतं आणि सरकत नाही.

काचेला आतून वेल्क्रोची खरखरीत बाजू उत्तम. तिच्यामागचा तयार गोंद पाण्यात सुटतो, म्हणून तो खरवडून इपॉक्सीनेच चिकटवा. बाहेर फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाट मऊ कापड. ॲक्रिलिकच्या टाकीत वेल्क्रो वर्ज्य, तिथे आतही मऊ कापडच. भांडी घासायच्या हिरव्या पॅडमध्ये घासणारे कण असतात, तेही नको.

चरे मात्र बहुतेक वेळा वाळूमुळे पडतात. क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो. एक कण पॅडखाली अडकला तरी टाकीच्या रुंदीभर रेघ ओढतो. वाळूच्या दोन-तीन सेंटिमीटर वरच थांबा, कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर दूर राहा. काम झालं की आतला तुकडा बाहेर काढून धुवा आणि पॅडवर बोट फिरवून पाहा. हिरव्या ठिपक्यांचं कडक शेवाळ या घासणीने निघत नाही. काचेवर त्याला पातं लागतं.

जोडी ठेवताना मध्ये सेंटिमीटरभर जाडीची लाकडी फळी घाला. हे चुंबक ठिसूळ असतात, एकमेकांवर आपटले की टवके उडतात, मध्ये बोट सापडलं तर चांगलंच चिमटतं. सुटे चुंबक मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून भोक पाडतात. पेसमेकर असलेल्यांनी ही जोडी छातीजवळ आणू नये.