तुम्ही विचारलंत म्हणून: टाक्यांच्या हिशेबाला कॉम्प्युटर कशाला?

अकलूजच्या बाजूला वाईनच्या द्राक्षांच्या बागा आहेत, हे सोलापुरात आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण वायनरीच्या उत्पादनाचं नियोजन मी कॉम्प्युटर मॉडेलवर करते म्हटलं की हमखास विचारतात, "एवढी द्राक्षं, एवढ्या टाक्या, हा हिशेब कागदावर होत नाही का?"

होतो, पण दिवसांपाशी फसतो. दहा हजार लिटरच्या टाकीत रेड वाईनसाठी साधारण आठ टनच माल भरायचा, कारण आंबताना सालं वर येऊन जाड थर धरतात, त्याला जागा लागते. रोज एक टाकी भरली आणि धुण्यापुसण्यासकट प्रत्येक टाकी आठ दिवस अडकली, तर आठ टाक्या पुरतात. कागद इथंच थांबतो. प्रत्यक्षात एखादी टाकी सहाव्या दिवशी मोकळी होते, एखादी बाराव्या दिवशीही होत नाही. लवकर सुटलेली टाकी त्या दिवशी माल नसेल तर नुसती उभी राहते, रखडलेली मात्र पुढच्या तोडणीची जागा अडवते. म्हणजे सरासरी आठच राहते आणि तरीही पहाटे तोडलेले क्रेट उन्हात थांबतात. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मॉडेलमध्ये मी एकच हंगाम हजार वेळा चालवते, दर वेळी आंबण्याचे दिवस थोडे कमीजास्त करून, आणि माल कितीदा अडला ते बघते.

माझ्या मते खरी गंमत त्याच्याही आधी आहे. युरोपात वेल कधी झोपणार, कधी फुटणार, हे थंडी ठरवते. आपल्याकडे वेल तशी झोपत नाही. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी जेव्हा घ्याल, तिथून जातीप्रमाणे चार-पाच महिन्यांनी तोडणी. त्यामुळे टाक्या कमी पडतायत याचं उत्तर नवी टाकी हेच असेल असं नाही. एखादा प्लॉट आठवडाभर उशिरा छाटूनही भागू शकतं. लाखोंची टाकी घ्यायच्या आधी हे तपासलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

अर्थात तारखा हव्या तशा सरकत नाहीत. लवकर छाटलं तर परतीच्या पावसात केवडा या बुरशीजन्य रोगाची भीती, फार उशिरा छाटलं तर मार्चच्या उन्हात द्राक्षाची आम्लता उतरते. या मर्यादा मी बागायतदारांकडून घेते, प्रत्येक प्लॉटच्या वेगळ्या, आणि त्यांच्या आतच मॉडेलला तारखा शोधायला लावते.