लॉजवर जातो म्हणजे कुठं जातो

आमच्या गावात लॉज म्हटलं की एकच अर्थ, तालुक्याच्या बसस्टँडसमोरचं, खाली पानठेला आणि वर खोल्या असलेलं. त्यामुळे आमचे मोठे बाबा महिन्यातून एकदा काळा कोट घालून, हातात एक चपटी बॅग घेऊन "लॉजवर जातो" म्हणत पुलगावहून नागपूरची गाडी पकडायचे तेव्हा पारावरचे लोक खोकायचे. मोठी आई वैतागायची. "मीटिंगले जातो म्हना ना हो, लॉज कायले म्हनता?" पण मोठे बाबा गुरांचे डॉक्टर, आयुष्यभर म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस, त्यांना लोकलाज कुठून असणार.

ते फ्रीमेसन, म्हणजे विलायतेतून आलेल्या एका जुन्या बंधुमंडळाचे मेंबर, आणि या मंडळाच्या शाखेला लॉज म्हणतात. नागपूरला पोस्टिंग होती तेव्हा झाले आणि रिटायर होऊन गावात आल्यावरही जात राहिले. मेसन म्हणजे सरळ गवंडीच. आमच्या भिंतीचं प्लास्टर करायला आलेल्या गवंडीभाऊंनी एकदा त्यांच्या कोटावरची पिन पाहिली, काटकोन बघायचा गुण्या आणि कंपास, आणि म्हणाले, "डॉक्टरसायेब, हे तं माह्या थैलीतलं सामान व्हय!" मोठे बाबा इतके खुश झाले की त्यांना बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या हाताखालच्या सीनियर वॉर्डनच्या गळ्यात लेव्हल आणि ज्युनियरच्या ओळंबा. गवंडीभाऊंनी विचारलं, मग थापी कोन चालवते? यावर मोठे बाबा हसले पण उत्तर नाही दिलं, आता ते गुपित होतं की माहीत नव्हतं काय माहीत.

गुपितांबद्दल लोकांना फार उत्सुकता. आपल्या देशात कितीतरी गावी मेसन लोकांच्या हॉलला जादूघर नाहीतर भूत बंगलाच म्हणायचे. मलाही लहानपणी वाटायचं की हे तिकडं कवटीबिवटी ठेवून काहीतरी करतात. मोठं झाल्यावर विचारलं, नेमकं करता काय? म्हणे मागच्या मीटिंगचे मिनिट्स वाचतो, हिशेब मंजूर करतो, कोणी नवीन येणार असेल तर पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकून मतदान करतो, मग विधी, मग जेवण. धर्म आणि राजकारण यावर बोलायचं नाही, नियमच आहे. मी म्हटलं, अहो मग उरलं काय, आपल्या पारावर तर या दोन विषयांशिवाय सकाळ होत नाही. तर म्हणाले, "म्हनून तं जातो बापा."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण मला वाटायचं तिथं काही भारी मिळत असेल, ओळखी, वशिला वगैरे. मोठे बाबांना काय मिळालं त्यातून? एक पांढरा एप्रन निळ्या काठाचा, जो मोठी आईच्या मते स्वयंपाकघरात एकदाही बांधला गेला नाही.

एकदा फॅमिलीसकट जेवण होतं तेव्हा आम्हाला नेलं. जेवणाआधी आतला हॉल दाखवला. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी, मधे गीता, कुराण, बायबल सगळे ग्रंथ शेजारी शेजारी. ते बघून छान वाटलं, पण माझी नजर गेली एका खुर्चीकडं. जुनी सागवानी खुर्ची, उजव्या हाताच्या टोकाला पॉलिश उडून लाकूड पिवळं गुळगुळीत झालेलं. मोठे बाबा बोलता बोलता तिच्यात बसले आणि त्यांचा अंगठा बरोब्बर त्या पिवळ्या जागेवर गेला, आपोआप, बैलाचे पाय गोठ्याकडं वळतात तसे. घरी त्यांची अशी खुर्ची नव्हती हो. घरी जी रिकामी असेल ती.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते संध्याकाळी, तिथंही हेच. तिसऱ्या खांबाला टेकून बसणारे एक आजोबा आहेत, पाव्हणा चुकून तिथं बसला तर कोणी काही बोलत नाही पण सगळे त्याच्याकडं असं बघतात की तो सरकतोच. खंजिरी कोणत्या खिळ्याला लटकवायची हेही ठरलेलं. आता तुकडोजी महाराजांचं मंडळ कुठं आणि विलायतेतून आलेला हा कारभार कुठं, पण मला दोन्हीकडं वास एकच येतो, उदबत्ती सोडून द्या, मी त्या ठरलेपणाबद्दल बोलतोय.

आणि काम. लॉजमध्ये जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी काम लावलेलं असतं. दाराबाहेर एक जण तलवार घेऊन उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. मोठे बाबांच्या लॉजमध्ये जो एकदा मास्टरच्या खुर्चीत बसला होता तोच पुढं काही वर्षांनी बाहेर टायलर म्हणून उभा राहिला, कोणाला त्यात काही वाटलं नाही. आपल्याकडं माजी सरपंचाला दारात उभं करून दाखवा. मोठे बाबांकडं सामानाच्या कपाटाची चावी होती, एवढंच. पण त्या चावीचा रुबाब असा की काय सांगू.

जेवणाचं तर विचारूच नका. 1717 साली लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरचं मंडळ, काढलं ते एका खानावळीत, असं हे लोक सांगतात, म्हणजे मुळातच पंगत आहे ही. नागपूरच्या त्या आचाऱ्याला माहीत होतं की डॉक्टरांना रस्सा तिखट चालत नाही, तो न विचारता बाजूला वाटीत दही ठेवायचा. जेवताना नऊ वाजता उभं राहून, जे आज आले नाहीत त्या भावांच्या नावानं ग्लास उचलायची रीत आहे. नऊच का, तर घड्याळाचे काटे तेव्हा गुण्यासारखे होतात.

सगळं गोड नाही त्यात. मोठे बाबांच्या लॉजमध्ये बायकांना मेंबर होता येत नाही, आणि हे मला पटत नाही, मोठे बाबांना तोंडावर सांगितलंय. त्यांनी चष्मा पुसला फक्त. मोठी आईनं चाळीस वर्षं तो काळा कोट ब्रश केला आणि आतली फरशी पाहिली एकदाच, आमच्यासोबत.

आता त्यांचे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली, जाणं बंद. मागच्या महिन्यात मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला फोन आला, मला वाटलं तब्येत विचारायला असेल. तर कपाट उघडेना. चावी नवीन माणसाकडं दिलेली, ती लागतच नव्हती. मोठे बाबा खाटेवरून ओरडले, "अगा, आधी दार वर उचल, मंग फिरव! आन मेनबत्त्याइचं खोकं डाव्या अंगाले हाये, उजव्या नाही!" दहा मिनिटं झापलं त्या बिचाऱ्याला. मग तोंड धुतलं, झुणका-भाकर खाल्ली, रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त, आणि साडेआठलाच घोरायला लागले.

मी ओसरीत मोबाईलवर क्रिकेट बघत होतो. मोठी आई चहाचा कप घेऊन आली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "आवाज कमी कर थोडा. नऊ वाजून राहिले. नाव घेत असतीन तिकडं."