बॅग पुढे घ्या

ठाणे स्टेशनावर सकाळच्या फास्ट गाडीची वाट बघत उभा असलेला माणूस कधी नीट बघा. कळव्याच्या बाजूने गाडी दिसायच्या आधीच त्याची सॅक पाठीवरून पोटावर येते. पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात, मोबाईल शर्टाच्या खिशातून सॅकच्या आतल्या कप्प्यात. शेजारच्या बाईंचं मंगळसूत्र ओढणीखाली जातं आणि वर पिनही लागते. कुणी काही सांगत नाही, हात आपोआप चालतात. बोरीबंदरहून पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला आली. गर्दीत आपली वस्तू सांभाळण्याचा इतका जुना सराव देशात दुसऱ्या कुठल्या गावाला असेल, असं मला वाटत नाही.

हीच मंडळी विमानात बसली की बघवत नाही. केबिन बॅग जागा मिळेल त्या कप्प्यात, मग तो आपल्यामागे सहा रांगा का असेना. पर्स सीटवर टाकून बाथरूमला. पट्टा बांधला की डोळे मिटतात, ते चाकं जमिनीला टेकल्यावर उघडतात. आणि बॅगेत काय, तर भाचीच्या लग्नाला नेलेला राणीहार, लॅपटॉप, पासपोर्ट, शिवाय घराच्या आणि कपाटाच्या किल्ल्या. लोकलमध्ये डुलकी लागली तरी बॅगेच्या बंदाला बोट अडकवून ठेवणारा माणूस इथे बिनधास्त घोरत असतो.

याचं कारण माझ्या मते एकच, तिकीट महाग असतं. एवढे पैसे मोजून बसलेली माणसं काय चोऱ्या करणार? शिवाय चोर पळून पळून जाणार कुठे, हा वर दुसरा मुद्दा. तो ऐकायला बिनतोड आहे, पण विमानातल्या चोराला पळायचंच नसतं. विमान उतरलं की तोही सगळ्यांबरोबर ‘एक्सक्यूज मी’ म्हणत शांतपणे उतरतो. आपल्याला कळतं ते घरी पोचून डबी उघडल्यावर.

2024 च्या मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी असाच एकाला पकडला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार या गृहस्थाने एका वर्षात किमान दोनशे विमानप्रवास केले होते, रीतसर तिकीट काढून. परदेशी जाण्यासाठी देशांतर्गत विमानाने दिल्लीला येणारे प्रवासी तो हेरायचा, त्यातही वयस्कर बायका. बोर्डिंगच्या गडबडीत आपली बॅग नीट लावतोय असं दाखवत कप्प्यातल्या दुसऱ्याच्या बॅगेत हात घालायचा. जमलं तर सीट बदलून मागायचा. आपण तर अशा सभ्य माणसाला ‘बसा हो, त्यात काय’ म्हणून वर खिडकी देऊ.

लोकलमधला मुरलेला प्रवासी आपली बॅग स्वतःच्या डोक्यावरच्या रॅकवर कधी ठेवत नाही. ती समोरच्या रॅकवर जाते, म्हणजे मान न वळवता दिसते. विमानातही हेच करावं. मधल्या वाटेच्या पलीकडे, आपल्या रांगेच्या किंचित पुढच्या कप्प्यात बॅग ठेवली तर तो कप्पा कुणी उघडला की आपसूक नजर जाते. डोक्यावरचं काही दिसत नाही आणि मागचं तर मुळीच नाही. मागे ठेवलेली बॅग घ्यायला उतरताना उलट्या दिशेने जायचं म्हणजे ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात आत शिरण्यासारखं आहे. आणि मोलाची पर्स वर ठेवूच नये. ती पुढच्या सीटखाली, तिचा बंद पायात अडकवून.

कुलपाबद्दल मला फार बोलायचं नव्हतं, पण जांभळी नाक्याच्या बाजूला बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दाखवलेला प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅगेच्या चेनचे दोन्ही रनर एकत्र आणून त्यात छोटं कुलूप लावलेलं होतं. काकांनी खिशातलं साधं बॉलपेन काढलं आणि त्याचं टोक चेनच्या मधोमध दाबलं. दाते सुटले. बोट फिरवून वीतभर फट केली, आत हात घालून टॉवेल बाहेर काढला, परत ठेवला. मग कुलपासकट दोन्ही रनर धरून चेनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेले आणि परत आणले. दाते पुन्हा एकमेकांत बसले. ओरखडासुद्धा नाही.

मी म्हटलं, “अहो, पण कुलूप?”

“कुलूप आहे ना ताई. लटकतंय की.”

तेव्हापासून मी बॅग कप्प्यात चेन आतल्या बाजूला करून ठेवते. वाटेकडे फक्त चाकं दिसली पाहिजेत.

विमानात चढायच्या आधीची एक जागा मात्र मला याहून धोक्याची वाटते, ती म्हणजे सिक्युरिटी. परदेशातल्या लोकांना आपली पद्धत माहीत नसते. आपल्याकडे प्रत्येकाची अंगझडती होते आणि बायकांची पडद्याआड. त्या पडद्यापुढे रांग असते. पर्स पट्ट्यावर टाकली की ती निघाली पुढे, एक्स-रेतून बाहेर पडून पलीकडे जाऊन थांबते. पर्सची मालकीण अजून बोर्डिंग पास हातात धरून रांगेत, समोरच्या आजींच्या बांगड्या वाजताहेत. तेवढ्या वेळात पलीकडे दहा माणसं आपापले ट्रे उचलून गेलेली असतात. त्यातल्या एकाने आपलाही उचलला तर? म्हणून आधी रांगेचा अंदाज घ्यावा, आपला नंबर येत आला की मगच पर्स पट्ट्यावर सोडावी. घड्याळ, अंगठी, मोबाईल उघड्या ट्रेमध्ये टाकू नयेत, पर्समध्येच टाकून चेन लावावी. नवरा बरोबर असेल तर त्याला पुढे पाठवावं. पुरुषांची रांग भराभर सरकते, तेवढा त्यांचा उपयोग.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि आमच्या ठाणेकरांना भांडायला नवा विषय मिळाला. ऐरोलीवरून उलव्याच्या या नव्या विमानतळाला जायचं की ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने अंधेरीच्या जुन्या? मिनिटांचा हिशोब करून माणसं हमरीतुमरीवर येतात. वाद काहीही असो, विमानाने जाणं आता बरंच अंगवळणी पडलंय, दोन दिवसांसाठी सात किलोची केबिन बॅग घेतली की निघाले. त्यामुळे कप्पे भरतात, आणि मग गेटवर तो प्रसंग येतो: “मॅडम, वर जागा नाही, ही बॅग खाली जाईल.” टॅग लागतो, बॅग हातातून जाते. इतका वेळ जिवापाड जपलेला राणीहार क्षणात सामानाच्या पोटात. रोकड, दागिने, कागदपत्रं चेक-इन बॅगेत ठेवू नका, असं विमान कंपन्यांनी आपल्या अटींमध्ये लिहूनच ठेवलेलं असतं. यावर उपाय एकच, मोलाचं सगळं एका छोट्या थैलीत आणि ती थैली बॅगेत अगदी वर. टॅग लागायच्या आत ती आपल्या हातात आली पाहिजे. औषधंही त्यातच, आणि पॉवर बँकसुद्धा. पॉवर बँक मोलाची म्हणून नव्हे, तर ती खाली पाठवायला बंदी आहे म्हणून. लिथियमची बॅटरी केबिनमध्ये पेटली तर निदान कुणीतरी विझवायला धावतं, खाली कोण धावणार? केबिनमध्येही 100 वॅट-अवर, म्हणजे साधारण 27,000 एमएएच, एवढीच विनापरवानगी चालते.

आमच्या मजल्यावरच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा हा सगळा पाढा मी त्यांच्यापुढे वाचला. डिंकाचे लाडू कुठे ठेवायचे हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. प्रश्न पाटल्या आणि चिंचपेटीचा होता. बारशाला घालायला नकोत?

“न्या, पण जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या,” मी म्हटलं. “पावत्या नाहीतर सराफाचा मूल्यांकनाचा कागद बरोबर ठेवा. नाहीतर परत येताना हे सोनं इथूनच नेलं होतं हे तुम्हाला पटवत बसावं लागेल.”

“अगं, बायकांना परत येताना चाळीस ग्रॅम ड्युटीशिवाय चालतं म्हणतात ना?”

“वर्षाहून जास्त परदेशी राहून आलेल्यांना, काकू. पुरुषांना वीस. तुम्ही सहा महिन्यांत येणार.”

काकांना कायद्यात रस. हरवलंच तर विमान कंपनी भरून देते ना, त्यांनी विचारलं. देते, पण आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या नुकसानभरपाईचा जो मॉन्ट्रियल करार आहे, त्यात मर्यादा आहे. 1999 च्या या करारात भारत 2009 मध्ये सामील झाला. डिसेंबर 2024 पासून सामानासाठीची मर्यादा माणशी 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) झाली आहे, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आतबाहेर. आजच्या भावाने त्यात फार तर तोळाभर सोनं येईल. ही मर्यादाही मुख्यतः चेक-इन सामानाला कामाची. हातातली बॅग आपल्या ताब्यात असते, त्यामुळे चूक विमान कंपनीची होती असं दिसलं तरच ती जबाबदार. शेजारच्या प्रवाशाने हात मारला तर कंपनीची चूक कशी दाखवणार?

काका गप्प झाले. काकूंनी मात्र तेवढ्यात निर्णय घेऊन टाकला होता. चिंचपेटी लॉकरमध्ये राहील आणि पाटल्या हातातच जातील. वर लांब बाह्यांचा स्वेटर.

“मे महिन्यात?” काकांनी विचारलं.

“विमानात एसी असतो,” काकू म्हणाल्या आणि पाटल्यांचे फोटो काढायला मोबाईल माझ्या हातात दिला.