सांदण दरी : पश्चिमेच्या पाण्यामागे कोकणात

नाशिकात वाढलेल्या माणसाला पाणी पूर्वेकडे वाहतं हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही वावगं वाटत नाही. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र जवळचा समुद्र गाठते. शहाणी म्हणायची! तर या पश्चिमेच्या पाण्याचं बोट धरून एकदा घाटमाथ्यावरून खाली उतरायचं माझ्या मनात होतं, आणि त्यासाठी सांदणसारखी दुसरी जागा नाही.

नाशिकहून घोटी, तिथून बारीवरून कळसूबाईला उजवीकडे ठेवत भंडारदरा आणि जलाशयाला वळसा घालून साम्रद, दरीच्या माथ्यावरचं गाव. मी, नवरा आणि भाचा. उतरून कोकणातच निघायचं असल्यामुळे गाडी परत पाठवून दिली. रात्री एका घरी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा. घरातले दादाच सकाळी वाटाडे म्हणून यायचे होते. दोर, हार्नेस, हेल्मेट सगळं त्यांच्याकडे.

साम्रदच्या आसपास पाऊस कुठे पडतो यावर त्याचं नशीब ठरतं. रतनगडाच्या बाजूला पडला तर प्रवरेत, भंडारदऱ्याच्या धरणात, पुढे गोदावरीत आणि थेट आंध्रात. थोडा अलीकडे पडला तर सांदणीच्या फटीतून कोकणात. गावातून चालत निघालो तर वाटेत चढ नाही, खिंड नाही, काही नाही. सपाट माळ, कारवीची झुडपं, आणि एकाएकी पायाखालची जमीनच फाटलेली.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. दोन्ही बाजूंना काळा कातळ सरळ वर गेलेला, मध्ये आभाळाची एक पट्टी. हा सगळा दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला. कातळाला जिथे उभ्या भेगा होत्या तिथे पाण्याने वाट कोरली. भिंतीला हात लावून बघितलं तर तळहाताएवढ्या भागात बारीक बारीक छिद्रं, लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूची. काही छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले. एका पोकळीत तर सुईसारख्या काड्या एका बिंदूतून फुटून बाहेर पसरल्या होत्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हेच झिओलाइट नावाचे स्फटिक काचेमागे दिव्याखाली ठेवलेले बघितले होते. इथे बोट फिरवता आलं. भाच्याला एक तुकडा खिशात घालायचा होता. दादांनी नुसतं बघितलं, त्याने हात मागे घेतला.

मग पाणी. हिवाळ्यातही दरीत डोह साचलेले असतात. "ताई, सॅक डोक्यावर घ्या, आन् पाय उचलू नका, सरकवत न्या," दादा म्हणाले. पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा माझा श्वासच अडकला. तळाशी गुळगुळीत गोटे, पाऊल कशावर पडतंय ते दिसत नाही. नवरा पलीकडे पोचून फोटो काढत होता, त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पुढे घरांएवढ्या शिळा एकमेकींवर पडलेल्या. चढायचं, बसून घसरायचं, परत चढायचं. या शिळा वरूनच आल्यात, म्हणून हेल्मेट काढायचं नाही. आणि पावसाळ्यात या दरीत पाऊल टाकायचं नाही. वर आभाळ कोरडं दिसलं तरी माळावर पडलेलं सगळं पाणी याच फटीतून धावतं, आणि बाजूला पळायला जागाच नसते.

दरी जिथे संपते तिथे समोर थेट कोकण उघडतं. इथून दोर. पहिला कडा साधारण ४५ फुटांचा. "मागं बसल्यासारखं करा, खुर्चीत बसता तसं." कड्यावरून मागे वाकणं हे शरीराला पटत नाही, पण पहिली चार पावलं गेली की पुढचं सोपं. बाण सुळका एका बाजूला, समोर आजोबाचा डोंगर. त्यावर वाल्मीकींचा आश्रम आणि सीतेचा पाळणा दाखवतात. आम्हा पंचवटीच्या लोकांना सीता म्हटली की गुंफा आणि हरण; तिच्या लेकरांचा पाळणा घाटाच्या कडेला आहे याचं कधी कौतुकच केलं नव्हतं.

खाली कोकणातल्या डेहणे गावापर्यंतची जंगलातली चाल कंटाळवाणी. दगडांच्या ओढ्यातून गुडघ्यांची कसोटी, हवा दमट होत जाते, घामाची जात बदलते. ओढा मात्र सोबतीला होता, कधी दगडांखाली गडप, कधी वर. गावाजवळ तो आपल्या वाटेने गेला, आम्ही चहाच्या वाटेने.

डेहण्याहून जीपने आसनगाव, तिथून लोकल पकडून कसारा. स्टेशनबाहेर नाशिकच्या टॅक्सीवाल्याची सीट भरल्याशिवाय हलायची तयारी नव्हती. तेवढ्यात नवऱ्याने पुढचा बेत काढला: पुन्हा सांदण, पण या वेळी करोली घाटाच्या पायवाटेने चढून साम्रदलाच परत. भाचा लगेच तयार झाला. मी डोहाचं पाणी किती ओसरलंय ते आधी दादांना फोन करून विचारणार आहे.