मिशिगनला हरवल्यानंतरचा सोमवार

सोमवार, 1 डिसेंबर 2025, कोलंबस

आज सकाळी डिपार्टमेंटच्या पाटीवरची लाल टेप निघाली. मिशिगन विद्यापीठ म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला आमचा जुना वैरी; त्यांच्याशी मॅच असते त्या आठवड्यात आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठात जिथे म्हणून इंग्रजी 'एम' दिसेल, तिथे लाल टेपची फुली मारतात. इमारतींची नावं, रस्त्यावरच्या पाट्या, काही सुटत नाही. जुनी माणसं तर 'मिशिगन' हा शब्दही तोंडातून काढत नाहीत, 'उत्तरेकडचा तो संघ' म्हणतात. नवीन आले होते तेव्हा हे सगळं पोरकट वाटायचं. आज पाटीवर राहिलेला चिकटा मी स्वतः नखाने खरवडला.

परवा शनिवारी अॅन आर्बरला, म्हणजे मिशिगनच्याच मैदानावर, पडत्या बर्फात, आपण 27–9 ने जिंकलो. ओळीने चार पराभव झाल्यानंतरचा हा विजय. मला आनंद झालाच, पण कालपासून डोक्यात गेल्या वर्षीचा 30 नोव्हेंबर आहे. तेव्हा घरच्याच मैदानावर, लाखभर माणसांसमोर आपण 13–10 ने हरलो होतो. थँक्सगिव्हिंगचा शनिवार, एका मराठी मित्राकडे सगळे जमलेलो. मसालेभात तसाच गार होत गेला. आणि मी सगळ्यांसमोर, पोरंटोरंही बसली होती तिथे, म्हणाले, "याला काढा आता. याच्यात दमच नाही."

'याला' म्हणजे आमच्या संघाचे हेड कोच रायन डे यांना.

त्यानंतर एकावन्न दिवसांनी तोच संघ कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता झाला. टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि शेवटी 20 जानेवारीला नोत्र दाम, 34–23. तेव्हा त्याच घरात बसून मी म्हणाले, "काय पोरं घडवलीत या माणसाने!" माणूस तोच, पोरं तीच. चार मॅचमध्ये जे मत उलटंपालटं होतं ते मुळात कोचबद्दल नसतंच, ते आपल्या शनिवारबद्दल असतं. हे माझं मलाच आता नीट कळतंय.

मग कोच जोखायचा कशावर? मला परत परत आमच्या संघातला हॅरी मिलर आठवतो. जॉर्जियाहून आलेला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा, अभ्यासात पहिल्या फळीतला आणि आक्रमणाच्या भिंतीतला, म्हणजे समोरच्यांना थोपवणाऱ्या रांगेतला, पहाडासारखा पोरगा. मार्च 2022 मध्ये त्याने खेळ सोडला आणि का सोडला ते जाहीरपणे लिहिलं. 2021 चा हंगाम सुरू होण्याआधी तो डे यांच्याकडे गेला होता आणि जीव संपवायचा विचार मनात आहे, असं त्याने सरळ सांगितलं. डे यांनी त्याच वेळी त्याला डॉक्टरांशी जोडून दिलं. पुढे तो परत खेळला, पण नाही झेपलं, थांबला. डे त्याच्या पाठीशी राहिले.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा डॉक्टर नाही आले. तो दरवाजा आला. हंगाम तोंडावर आहे, भरवशाचा खेळाडू दारात उभा आहे, आणि तो जे सांगणार आहे त्याने कोचचंच नुकसान होणार आहे. तरी तो आत गेला. कधीतरी, कुठल्या तरी साध्या दिवशी, या माणसाच्या वागण्यातून त्याला दिसलं असणार की इथे हे बोललेलं चालेल. डे स्वतः नऊ वर्षांचे व्हायच्या आत त्यांच्या वडिलांनी जीव संपवला होता. तीन भावांत ते थोरले. 2019 मध्ये पत्नीबरोबर त्यांनी इथल्या बालरुग्णालयात मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केला. हे खेळाडूंना माहीत होतं.

मी सांगलीकडची, शाळेत खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या मॅचआधी गुडघा सुजून टम्म झाला होता. आई रात्री आंबेहळदीचा लेप लावायची आणि सकाळी मी तो धुऊन टाकायचे, सरांना पिवळं दिसू नये म्हणून. सर वाईट नव्हते. आम्हाला स्वतःच्या खिशातून केळी आणायचे. पण दुखतंय असं कुणी म्हणालं की त्यांची मान दुसरीकडे वळायची, आणि ती मान परत कधी वळेल याचा नेम नसायचा. मी सूर मारला, गडी बाद झाला, शाबासकी मिळाली. गुडघा अजून जिना उतरताना आठवण देतो. त्या वर्षी सरांना चांगले कोच म्हणून सगळ्या गावाने नावाजलं, मीसुद्धा.

कामावर येताना रोज वुडी हेज ड्राइव्ह लागतो. हेज 28 हंगाम इथले कोच होते. पोरांनी डिग्री घेतलीच पाहिजे म्हणून त्यांच्या मागे लागणारे, हॉस्पिटलमध्ये अनोळखी माणसांना गुपचूप भेटून येणारे. आणि 29 डिसेंबर 1978 च्या रात्री, गेटर बोल नावाच्या हंगामाअखेरच्या मॅचमध्ये, समोरच्या क्लेमसन संघाच्या चार्ली बाउमनने चेंडू अडवून पकडला म्हणून त्यालाच ठोसा मारणारेही तेच. नोकरी तिथेच संपली. गावाने रस्ता त्यांच्या नावाने ठेवला. मला त्यांची बेरीज-वजाबाकी अजून जमत नाही, आणि ज्यांना पटकन जमते त्यांचं मला पटत नाही.

डे यांच्याबद्दलही सगळं गोड लिहायचं नाही. गेल्या वर्षी मिशिगनच्या बचावाच्या भिंतीवर मैदानाच्या मधल्या भागातूनच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहणं ही हट्टाची चूक होती, आणि ती त्यांचीच. जॅक सॉयर, एमेका एग्बुका यांच्यासारखी पोरं एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, बाजूला ठेवून कॉलेजात आणखी एक वर्ष थांबली, त्याचं सगळं श्रेय प्रेमाला देता येणार नाही. आता कॉलेजच्या खेळाडूंना पैसेही भरपूर मिळतात. पण त्या पराभवानंतर कोच आणि खेळाडू दार लावून बसले आणि मनातलं सगळं बोलले, असं नंतर खेळाडूंनीच सांगितलं. पुढच्याच मॅचला टेनेसीविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांत 21–0. खेळाडूंचं तोंड बंद करून हे होत नाही. आणि चिप केली, कॉलेजात ज्यांच्या हाताखाली डे शिकले, ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य कोचपद सोडून आपल्या विद्यार्थ्याच्या हाताखाली वर्षभर काम करून गेले. गुरूला आपल्या हाताखाली मोकळेपणाने काम करू द्यायचं, याला मोठं मन लागतं.

दुपारी तीनच्या सुमारास लॅबमधली एक मास्टर्सची मुलगी माझ्या दारात आली. आत येईना. मशीनचा सेन्सर तिच्या हातून तुटला होता. आज नाही, सुट्टी लागायच्या आधीच्या मंगळवारी. म्हणजे सहा दिवस ती हे घेऊन फिरत होती, थँक्सगिव्हिंगच्या ताटावरसुद्धा.

सेन्सर महाग आहे, पण येईल नवीन. मी तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, फॉर्म कसा भरायचा ते दाखवलं. ती गेल्यावर मंगळवार आठवत बसले. त्या दिवशी एक रिपोर्ट अडकला होता आणि मी सकाळपासून कुणाशी धड बोलले नव्हते. ती एकदा दारापर्यंत येऊन गेली होती. मी मान वर केली नव्हती.