पिन काढली का?

"मॅडम, कडबा कुट्टी," फोन ठेवता ठेवता पायलट म्हणाले, आणि मी पायात बूट सरकवले. १०८ च्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि मागे आमच्यासारखा एक डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस झालेला. छातीत दुखतंय, कळा सुरू झाल्यात, विष घेतलंय, गाडी घसरली असे कॉल रोजचेच. पण मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ज्वारीची काढणी झाली की एक जास्तीचा प्रकार सुरू होतो, तो हा: कडबा बारीक करायच्या यंत्रात हात अडकल्याचा.

इथली काळी जमीन रब्बी ज्वारीची. कणीस घरात येतं आणि कडब्याची, म्हणजे कणीस काढलेल्या वाळल्या ताटांची, गंज दाराशी लागते. पूर्वी पेंढी तशीच जनावरांपुढे टाकायचे, नाहीतर विळ्यानं तोडून. जनावरं शेंडे खायची आणि निम्मी ताटं पायाखाली तुडवायची. आता ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याच्या दारात कुट्टी मशीन आहे. दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, पात्यांचं मोठं चाक आणि तोंडाशी दात असलेले दोन रोलर. कडबा तोंडात धरला की रोलर तो आत ओढतात, पाती बारीक तुकडे करतात. वैरण वाया जात नाही. सोय मोठीच आहे, यंत्राला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण यंत्र घेतात पुरुष, त्याचा सौदा करतात पुरुष आणि त्याच्यासमोर रोज संध्याकाळी धार काढायच्या आधी उभ्या राहतात बायका. दुकानदारानं जे काही समजावून सांगितलेलं असतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

वस्त्या रस्त्यापासून आत, एकमेकींपासून लांब. पुण्याच्या कॉल सेंटरला जिल्हा, तालुका, गाव सांगता येतं, पण "बोरीच्या झाडापासून डावीकडं" कसं सांगणार? त्या दिवशी मात्र कुणीतरी डोकं चालवलं होतं. फाट्यावर एक पोरगा मोटरसायकल घेऊन उभा होता. आमचा दिवा दिसताच मोबाईलची बॅटरी हलवत पुढे निघाला, आम्ही मागे. नाहीतर शेतातल्या वाटांवर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. इतका वेळ आम्ही गाडीचा वेग वाढवून कधीच वाचवू शकत नाही.

दारात पंचवीस-तीस माणसं. मधे मशीन आणि मशीनला टेकून, जवळजवळ लटकून, एक बाई. चाळिशीच्या आतल्या. उजवा हात मनगटापर्यंत रोलरमध्ये. त्या ओरडत नव्हत्या. "दावणीला पाणी दाखवायचं राहिलं," एवढंच नवऱ्याला सांगत होत्या.

झालं होतं असं. वस्तीवर शेतीच्या लाईनवरचीच वीज. थ्री फेज जाऊन सिंगल फेज यायच्या मधे काही मिनिटं लाईट जाते, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कडबा तोंडात अडकलेला असतानाच लाईट गेली. मशीन थांबलं. अडकलेली ताटं ओढून काढावीत म्हणून त्यांनी हात घातला. बटण चालूच होतं. लाईट आली. मोटरीला काय कळतं कुणाचा हात आहे ते. नववीतल्या मुलीनं पळत जाऊन बटण बंद केलं, तोवर बोटं पात्यांपर्यंत पोचली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दोन तरुण मोठं चाक हातानं उलटं फिरवायच्या तयारीत होते. "मागं फिरवलं की हात भायेर येतोय बगा." ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या मशीनमध्ये रोलर आणि पाती एकाच चाकाला जोडलेली होती. चाक उलटं फिरवलं असतं तर पाती पुन्हा बोटांवरून गेली असती. मी त्यांना थांबवेपर्यंत आमचे पायलट भिंतीशी पोचले होते. "पिन काढली का?" त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. बटण बंद होतं म्हणून सगळे निर्धास्त. पायलटनी बोर्डातून पिन उपटली, वायर गुंडाळली आणि पिन शर्टाच्या खिशात घातली. "आता ही माझ्याजवळ. कुणाला लाईट पाहिजे असंल तर माझ्या खिशात हात घालायचा."

हे दिसायला छोटं आहे. पण अंधारात, गर्दीत, रडारड चालू असताना कुणीतरी उजेड करायला म्हणून बटणांच्या फळीवर हात फिरवतोच. कुठलं बटण कशाचं, हे फक्त घरच्यांना माहीत असतं आणि घरचे तेव्हा भानावर नसतात.

मी सलाईन लावलं, कंट्रोल रूममधल्या डॉक्टरांशी बोलून वेदनेचं इंजेक्शन दिलं. अडकलेल्या हाताला रोलरचाच दाब होता, त्यामुळे रक्त फार जात नव्हतं. हात सुटला की ते धो धो येणार, म्हणून पॅड आणि पट्ट्या आधीच उघडून ठेवल्या. मनगटावर काचेच्या बांगड्या होत्या. सूज चढत होती आणि बांगड्या तशाच राहिल्या असत्या तर मांसात रुतल्या असत्या. "ताई, बांगड्या वाढवाव्या लागतील," मी म्हटलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, मग सासूबाईंकडे. म्हातारीनं मान हलवली आणि स्वतः पुढे होऊन, पदराचं टोक मधे धरून, एकेक बांगडी वाढवली. एकही ओरखडा उठला नाही. मला ते इतक्या सफाईनं जमलं नसतं.

तेवढ्यात ट्रॅक्टर गॅरेजचा एक मिस्त्री पाने घेऊन आला. त्याला बोलावून घ्यायचंही त्या मुलीलाच सुचलं होतं. फोन तिनंच केलेला. मिस्त्रीनं आधी पट्टा उतरवला, चाकाच्या आऱ्यांत लाकूड घालून चाक जाम केलं, मग वरच्या रोलरला दाबून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे नट ढिले केले. गंजलेले होते. सोळा-सतराचा पाना दोनदा घसरला. शेवटी पहारीनं वरचा रोलर उचलला आणि मी हात मागे घेतला. घेतला म्हणजे आधार देऊन, जसाच्या तसा. ओढायचा नसतो. तळहात चेपलेला, तर्जनीचं टोक गेलेलं, मधलं बोट मधल्या पेरापासून नाही.

दाबून धरणं, हात उंच ठेवणं, घट्ट पट्टी बांधणं, रक्त थांबवायला बहुतेक वेळा एवढं पुरतं. घरात मात्र तोवर हळदीचा डबा, चहाची पूड आणि चुन्याची डबी अशा तिन्ही गोष्टी हजर झाल्या होत्या. तिन्ही मी हातानं बाजूला केल्या. रक्त त्यानं थांबल्यासारखं वाटतं, पण ती घाण जखमेतून धुऊन काढण्यात सर्जनचा वेळ जातो आणि जखम पिकायची भीती वाढते ती वेगळीच. सुतळीनं किंवा वायरीनं दंड आवळणं त्याहून वाईट. बारीक दोरी नसा आणि कातडी कापते आणि खालच्या हाताचा रक्तपुरवठा तुटतो.

सासूबाईंनी भरपूर साखर घातलेला चहा आणला. नको म्हणणं जिवावर आलं, पण म्हटलं. ऑपरेशनला भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं आणि दुधाचा चहा भूलतज्ज्ञाच्या हिशोबात जेवणासारखाच, सहा तास थांबायला लावणारा. कपभर चहामुळे ऑपरेशन टेबल रिकामं राहिलेलं मी पाहिलं आहे.

मग बोटं. तर्जनीच्या टोकाचा चेंदामेंदा झाला होता. मधल्या बोटाचा तुकडा मशीनखालच्या कुट्टीच्या ढिगात असणार होता. पुन्हा तीच मुलगी बॅटरी घेऊन बसली आणि तिनं तो शोधला. चुलत्यांनी लगेच तो दुधाच्या पेल्यात टाकला. दात पडला तर दुधात ठेवतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. दातापुरतं ते खरं आहे, बोटाचं तसं नाही. मी तुकडा सलाईननं हलकेच धुतला, सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवली. बर्फ शेजारच्या फ्रिजमधला, भांडं म्हणजे त्यांचीच दुधाची किटली. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून मरतं, पाण्यात बुडवलं तर भिजून फुगतं. गार पण कोरडं, असं मी घरच्यांना सांगते. बोटात स्नायू नसतो, म्हणून नीट गार ठेवलेलं बोट साधारण 24 तासांपर्यंत जोडण्याचा विचार करता येतो, न ठेवलेलं निम्माच वेळ. मनगटाच्या वरचा हात असेल तर घड्याळ फार वेगानं पळतं, गार न ठेवता सहाएक तास.

सोलापूरला पोचलो. किटली सर्जनच्या हातात दिली. ते बोट जोडता आलं नाही. कुट्टीची पाती नुसतं कापत नाहीत, आधी रोलर चेपतो, त्यामुळे शिरा आतून फाटलेल्या असतात. तळहाताच्या हाडांना तारा घातल्या, कातडीचा तुकडा लावला आणि अंगठा शाबूत राहिला. सर्जन अंगठ्यावरच खूश होते. हाताचं निम्मं काम अंगठ्याचं, म्हणाले.

परतताना पायलट बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पंपाला स्टार्टर असतो. लाईट गेली की पडतो. हितं का न्हाई लावत?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. चांगल्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते आणि वीज परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर हलत नाही. शेतकऱ्याला हे पंपावर नको असतं. रात्री-बेरात्री लाईट येते, कोण जाणार विहिरीवर? म्हणून तिथं ऑटो स्विच लावतात, आणि आपोआप चालू होणं म्हणजे सोय अशी डोक्यात सवय बसते. कुट्टीला तर साधं बटण, तेही कधी दाराच्या आत. वायरी सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या मी स्वतः पाहिल्यात. तिथं उपटायला पिनच नसते. स्टार्टरची किंमत शेळीच्या करडाएवढीही नाही.

"नशिबात होतं" हे वाक्य मला गाडीत सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त खटकतं. ज्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, रीत ठरलेली, ते नशीब कसलं? लाईट जाणार हे माहीत आहे, कडबा अडकणार हे माहीत आहे, अडकला की माणूस हात घालणार हेही माहीत आहे.

काही महिन्यांनी त्याच वस्तीवर बाळंतपणाच्या कॉलला गेलो. बाळंतीण शेजारच्या घरातली, कळा अजून लांबलांब होत्या, तिचं आवरेपर्यंत पायलट रिकामे. ते सरळ त्या मशीनपाशी गेले. बाई घरातच होत्या, डाव्या हातानं धार काढायला शिकल्या होत्या, उजव्यानं भांडं धरता येत होतं. मशीनला स्टार्टर बसला होता, हाताच्या टप्प्यात, मशीनपासून दोन पावलांवर. कडबा टाकायच्या तोंडाला मिस्त्रीनं पत्र्याची हातभर लांब घळ जोडली होती, वरून झाकलेली, म्हणजे हात रोलरपर्यंत पोचूच नये. काम करताना त्या पदर खोचून वर नवऱ्याचा शर्ट घालत होत्या. अडकलं तर काय करायचं, हे मुलीनं खडूनं भिंतीवर लिहिलं होतं. पहिली ओळ, पिन काढा. दुसरी, काठीनं ढकला. तिसरी कुणीतरी ओल्या हातानं पुसली होती.

पायलट मग शेजारच्या घरात डोकावले, जिथली बाळंतीण आम्ही न्यायला आलो होतो. तिथंही कुट्टी. तिथं तेच जुनं बटण. त्यांनी घरमालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमचं मशीन कधी अडकतच न्हाई." पायलटनी कडब्याची ओली ताटं मूठभर उचलली आणि मशीनच्या तोंडात कोंबली. "करा चालू."

मशीन पाच-सहा सेकंदांत घरघरून थांबलं. मालकाचा हात सवयीनं तोंडाकडे गेला आणि सगळ्यांच्या नजरा त्या हातावर खिळल्याचं पाहून अर्ध्यातच थांबला.

"बाजारच्या दिवशी आणतो स्टार्टर," तो म्हणाला.

"तोवर ही पिन काढून ठेवा," पायलट म्हणाले, आणि आम्ही बाळंतिणीला स्ट्रेचरवर घेतलं.