तुम्ही नक्की कोणाच्या वकील?

दर वर्षी गणपतीत, मंडळाच्या हॉलमधली पंगत उठली की कोणीतरी हात पुसत पुसत हा प्रश्न टाकतंच. शब्द बदलतात. खिशात चार-चार क्रेडिट कार्डं बाळगणारे विचारतात, "आमचे पॉइंट बंद करणार का तुम्ही?" इथले, न्यू जर्सीतल्या एडिसनमधले दुकानदार विचारतात, "ती केस संपली का हो? चेक कधी?" सांगलीहून भाऊ फोनवर म्हणतो, "इथं भाजीवालासुद्धा क्यूआर लावून बसलाय, एक पैसा जात नाही त्याचा. तुमच्याकडे दोन-अडीच टक्के कशाचे कापतात? आणि वीस वर्षं काय भांडताय?" ज्यांना माझ्या २०१७ च्या नोकरीबदलाची खबर आहे ते जरा खालच्या आवाजात विचारतात, "छोट्यांना सोडून मोठ्यांकडे गेलात म्हणे?"

चारही प्रश्न एकच आहेत. इतकी वर्षं मी हसून विषय बदलला. यंदा बदलत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून.

भावाचं आधी उरकते. यूपीआय फुकट नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही असं सरकारनं ठरवलं आणि बँकांना तिजोरीतून प्रोत्साहन रक्कम सुरू केली. खर्च आहेच, भाजीवाल्याच्या गल्ल्यातून दिसत नाही इतकंच. अमेरिकेत तो दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो, आणि किती जाणार हे दुकानदाराची बँक ठरवत नाही, कार्ड देणारी बँकही नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड तक्ता छापतात, सगळ्या बँका तोच वापरतात. त्या आकाराला म्हणतात इंटरचेंज. जोडीला नियम असा, की व्हिसाचं एक क्रेडिट कार्ड घ्यायचं तर व्हिसाचं प्रत्येक क्रेडिट कार्ड घ्यायचं, साधंही आणि भरपूर पॉइंट देणारं महागडंही. हजारो बँकांनी मिळून एक भाव लावायचा, याला आमच्या कायद्यात संगनमत म्हणतात की म्हणत नाहीत, यावर ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात २००५ पासून दावा चालू आहे. माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं.

पुण्यात आयएलएसला कायदा शिकले, न्यूयॉर्कमध्ये एलएलएम केलं, बारची परीक्षा दिली, आणि २००६ मध्ये दुकानदारांच्या बाजूनं लढणाऱ्या अनेक फर्मपैकी एकीत चिकटले. तेव्हा या धंद्यात वजन होतं ते आधीच्या दाव्याचं. डेबिट कार्डांच्या सक्तीवरून वॉलमार्ट आणि इतरांनी लढवलेला तो दावा २००३ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरवर मिटला होता, त्याच कोर्टात, न्यायाधीश जॉन ग्लीसन यांच्यासमोर. आपण गरिबांच्या बाजूचे, असं मला वाटायचं. पगार पाहता ते वाटणं जरा स्वस्तातच पडत होतं.

आता २०१३ चा मे महिना. तुम्हाला खरं उत्तर हवं असेल तर ते तिथंच आहे.

आदल्या वर्षी तडजोड जाहीर झाली होती, ७२५ कोटी डॉलरची. वर्तमानपत्रांनी तिला संगनमतविरोधी कायद्याखालची सर्वांत मोठी सामूहिक तडजोड म्हटलं होतं. सुमारे १ कोटी २० लाख दुकानदारांना कोर्टाच्या नोटिसा गेल्या होत्या. त्यातली एक ओक ट्री रोडच्या एका किराणा दुकानात आली. तिथले काका मूळचे इचलकरंजीचे. मी आठवड्याला ज्वारीचं पीठ आणि शेंगदाणे तिथून घ्यायची, आणि आपल्याकडची पोरगी वकील आहे याचं त्यांना माझ्या आईपेक्षा जास्त कौतुक.

शनिवारी सकाळी गेले तर गल्ल्यावर तीन गोष्टी मांडून ठेवलेल्या. बारीक टायपातली नोटीस (वरच्या भागात पैसे, खालच्या भागात पुढचे नियम), कार्डाचे व्यवहार चालवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे प्रोसेसरचं, महिन्याचं स्टेटमेंट आणि पिवळ्या रेघांच्या वहीचे दोन कागद. स्टेटमेंटमध्ये एका ओळीखाली त्यांनी लाल पेनानं रेघ मारली होती. १.६५ टक्के अधिक दहा सेंट.

"हे बघ. पिठाचं पोतं वीस डॉलरचं. ह्या कार्डावर त्रेचाळीस सेंट गेले. वर प्रोसेसरचं वेगळं. पोत्यामागं मला दीड डॉलर सुटत होता." मग त्यांनी नोटीस पुढे सरकवली. "हे पैसे नकोत म्हटलं तर?"

"तर बाहेर पडायचं, काका. स्वतःचा दावा लावता येतो."

"आणि हे खालचं? नियमांचं?"

"त्यातून बाहेर पडता येत नाही."

"म्हणजे माझी सही नको, मी नको म्हटलं तरी चालत नाही, आणि पुढं त्यांच्या नियमांवर मी कोर्टात जायचं नाही. बदल्यात काय?"

"क्रेडिट कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून जादा आकार घेता येईल."

"मी अमेरिकन एक्सप्रेस घेतो. व्हिसा-मास्टरकार्डवर आकार लावायचा तर त्यांच्यावरही लावायला लागतो, आणि ते लावू देत नाहीत. मग घेऊ कसा?"

याला उत्तर नव्हतं. हा मुद्दा आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. इचलकरंजीच्या माणसानं तो नोटीस दोनदा वाचून काढला होता.

"वरच्या भागाचा वकील कोण?"

"आम्ही."

"खालच्या?"

"आम्हीच."

"वरच्या भागात तुमची फी आहे," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, शेंगदाणे मोजताना असायचा तसाच होता. "खालच्या भागात तुमचं काय आहे?"

पिवळे कागद म्हणजे न्यायाधीशांना लिहिलेली हरकत. इंग्रजी मोडकंतोडकं, पण वरचे प्रश्न त्यात ओळीनं होते. मी फक्त स्पेलिंग तपासावं अशी त्यांची अपेक्षा होती. मुदत महिनाअखेरची.

मी स्पेलिंग तपासलं नाही. मी म्हणाले, "काका, हजारो हरकती येतायत, मोठमोठ्या कंपन्यांच्या. तुमचं पत्र ढिगात जाईल. कोर्ट सगळं बघतंच. आणि ही तडजोड फिसकटली तर आणखी दहा वर्षं कोणाला काही मिळणार नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," म्हणाले आणि कागदांची घडी घालून माझ्या पिशवीत, पिठावर ठेवली. "तुझ्याकडंच असू दे."

वकील मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडायलाच हव्यात. मी त्या माणसाच्या वतीनं लढणाऱ्या फर्मची नोकर होते आणि माझ्याच फर्मच्या तडजोडीला त्यानं हरकत घेऊ नये असं मी त्याला सांगितलं. कोणी मला तसं सांगायला लावलं नव्हतं. बॉसचा फोन नाही, लेखी सूचना नाही. मनातून केलं, आपुलकीनं केलं, आणि म्हणूनच त्याला काही नाव देता येत नाही मला.

सप्टेंबरात ब्रुकलिनमध्ये सुनावणी झाली. बड्या किरकोळ साखळ्यांचे वकील रांगेत उभे राहून विरोधात बोलले. मागच्या बाकावर मी होते, मांडीवर वह्या. काकांचाच प्रश्न वेगवेगळ्या उंची सुटांतून ऐकू येत होता. डिसेंबरात मंजुरी आली, जानेवारीत फीची रक्कम ठरली, ५४ कोटी ४८ लाख डॉलर. ऑफिसात केक कापला. माझ्या वाट्याला बोनस आला, त्यातून सांगलीच्या घराच्या गच्चीची गळती थांबली. हेही लिहून टाकते, नाहीतर कोणीतरी विचारेलच.

३० जून २०१६, गुरुवार. सेकंड सर्किटचा, म्हणजे वरच्या अपील कोर्टाचा, निकाल सकाळी आला आणि तडजोड रद्द. न्यायमूर्ती डेनिस जेकब्स यांनी लिहिलं होतं त्याचा गाभा असा, की एका गटाला आज रोख हवी आहे, दुसऱ्याला उद्याचे नियम बदलून हवे आहेत, या दोघांचं हित आपसांत भिडतं, आणि दोघांना वकील एकच. ज्यांना बाहेरही पडता येत नव्हतं त्या दुसऱ्या गटाला धड प्रतिनिधित्वच मिळालं नाही. अमेरिकन एक्सप्रेसमुळे जादा आकाराची सवलत किती पोकळ, तेही होतं. २०२१ च्या जुलैनंतर दुकान उघडणाऱ्यांच्या पदरात तर काहीच पडत नव्हतं. न्यायमूर्ती लेव्हल यांनी वेगळ्या सहमतीत आणखी कडक लिहिलं. त्यांच्या मते ही तडजोड नव्हतीच, जप्ती होती.

मी दार लावून निकाल वाचला, पहिल्यांदा वकील म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना ड्रॉवरमधून पिवळे कागद काढले आणि शेजारी ठेवले. "सूटेबल" चं स्पेलिंग चुकलं होतं. बाकी काही चुकलं नव्हतं.

तर २०१३ मधल्या त्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, "मी काय खोटं बोलले? एक पत्र गेलं असतं तर काय फरक पडला असता? विरोधक तगडे होते, निकाल त्यांच्या अपिलावर आला." खरं आहे. ती पुढं म्हणते, "आणि दहा वर्षांचं मी सांगितलं होतं, तेही बघ." तिथं तर मला बोलायला जागाच नाही. पैशाच्या गटाची नवी तडजोड २०१८ मध्ये झाली, किमान ५५४ कोटींची. २०१९ मध्ये तिला मंजुरी, २०२३ मध्ये अपिलात शिक्कामोर्तब, आणि दावे भरायची शेवटची मुदत सरकत सरकत फेब्रुवारी २०२५ वर गेली. रक्कम आधीच्या जाहीर आकड्याहून कमीच. नियमांच्या गटाला वेगळे वकील मिळाले, त्यांनी २०२४ मध्ये आणलेली तडजोड न्यायाधीश मार्गो ब्रॉडी यांनी अपुरी म्हणून फेटाळली, २०२५ च्या नोव्हेंबरात आणखी एक पुढे आली. तत्त्व जिंकलं आणि दरम्यान किती दुकानांची शटर पडली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मग ती बाई बरोबर होती का? नाही. कागद पाठवायचा की नाही हे ठरवणं तिचं कामच नव्हतं. पण "दहा वर्षं" म्हणते ती, तेव्हा मी गप्प होते.

२०१७ मध्ये मी बाजू बदलली असं तुम्ही म्हणता. बाजू तीच आहे, दुकानदारांची. अशील बदलले. सामूहिक दाव्यातून बाहेर पडून स्वतःच्या नावानं लढणाऱ्या मोठ्या साखळ्यांचं काम मी आता करते. हितसंबंधांची तपासणी झाली, सह्या झाल्या, सगळं रीतसर. पैसा हे कारण होतं का? होतं, थोडं. पण खरं कारण फार रुक्ष आहे. इथं अशिलाला चेहरा आहे. त्याचा कायदेविभाग मला सकाळी आठला फोन करतो, माझी बिलं लाल करून परत पाठवतो, आणि तडजोड नको वाटली तर "नको" म्हणतो. १ कोटी २० लाख अशिलांची वकील असताना मला एकाही सकाळी फोन आला नव्हता. एकदाच एकजण शनिवारी भेटला, तर त्याला मी गप्प केलं.

लहान दुकानदाराला कोण उरलं मग, हे तुम्ही विचाराल. वाजवी आहे. तो एकटा लढू शकत नाही. तज्ज्ञ अर्थशास्त्र्याच्या एका अहवालाच्या खर्चात त्याचं दुकान विकलं जाईल. २०१८ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, की कार्डाच्या बाजाराला दोन बाजू असतात, दुकानदाराचं नुकसान एकट्यानं मोजून भागत नाही, कार्डधारकाचा फायदाही तोलायला हवा. म्हणजे मंडळातल्या त्या पॉइंटवाल्यांचा विमानप्रवास काकांच्या पिठाच्या पोत्यासमोर तराजूत घालायचा. ते तोलून दाखवायला पैसे लागतात. तेव्हा सामूहिक दावा हवाच, आणि तो चालवणारा वकील फीसाठीच चालवणार. यातून वाट कशी काढायची ते मला सापडलेलं नाही. सापडलेल्या लोकांचे लेख मी वाचते, त्यातल्या बहुतेकांनी गल्ल्यापाशी उभं राहून कोणाला नोटीस समजावलेली नसते.

काकांनी दुकान २०१८ मध्ये एका गुजराती कुटुंबाला विकलं. पैशाच्या गटात ते तरीही बसत होते, जानेवारी २०१९ पर्यंतचे व्यवहार धरले होते. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात मी फोन केला, फॉर्म भरलात का विचारायला.

"एका माणसाला दिलंय," ते म्हणाले. "तो भरतो. तीस टक्के घेणार आहे."

"काका, काही द्यावं लागत नाही. फॉर्म फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे. मी येऊन भरून देते."

पलीकडं टीव्हीचा आवाज होता, तो कमी झाला.

"असू दे," ते म्हणाले. "फुकटचा सल्ला मागं एकदा घेतला होता."

मग नेहमीसारखं, आई कशी आहे, सांगलीला पाऊस कसा आहे. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "ते पिवळे कागद आहेत का गं अजून?"

"आहेत."

"आणून दे कधीतरी. नातीला दाखवायचेत, लॉ स्कूलला जायचं म्हणते."

माझ्या घरापासून त्यांचं घर वीस मिनिटांवर आहे. कागद ड्रॉवरमधून काढून पाकिटात घातलेत, पाकीट गाडीत ठेवलंय. अजून गेले नाही.